हुकूमशहा आला, उठा

सुट्टीतल्या बालनाट्याला भाचीला घेऊन गेलो होतो. कागदाच्या लगद्याचा अक्राळविक्राळ मुखवटा घातलेला हुकूमशहा रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांकडे बोट रोखून गरजला, "उभे राहा!"

मुलं वेफर्स खात बसून राहिली. आम्ही मोठी माणसं मात्र पटापट उठलो. प्रमुख पाहुणे आले की उठायचं, ही आमच्या गुडघ्यांची जुनी सवय. ते डोक्याला विचारत बसत नाहीत. मुखवटा त्याने घातला होता, पण एकसारखे चेहरे आमचेच दिसत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या चिमुरडीने माझा शर्ट ओढला. "अहो काका, बसा ना! तो खोटा राजा आहे. तुमच्यामुळे मला काही दिसत नाहीये."

तिचं अगदी पटलं. मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. ते बसल्यावर लगेच बसलो.