साडूंचे डोळे

शहापूरपासून मुरबाडपर्यंत ज्या ज्या घरात लग्नाचा अल्बम आहे, त्या त्या घरात माझ्या साडूंचे डोळे आहेत. साडू शहापूरच्या बाजारात अल्बम डिझाइन करतात. फोटोग्राफर पेनड्राइव्ह आणून देतात आणि साडू कॉम्प्युटरवर झालेल्या लग्नापेक्षा मोठं लग्न उभं करतात. फ्लॅश पडला की वऱ्हाडातली बरीच माणसं डोळे मिटतात, आणि मिटलेला डोळा साडूंना खपत नाही. म्हणून फार पूर्वी त्यांनी पापणी न लववता स्वतःचाच एक फोटो काढून घेतला आणि त्यातले डोळे कापून कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिले. ज्याचे मिटलेले दिसतील त्याला ते बसवायचे. बाईमाणूस असेल तर वर काजळ घालायचं.

आता हे डोळे मुळातच टपोरे आणि जरा चकित. त्यामुळे साडूंच्या अल्बममधली माणसं नुकतंच काहीतरी नवल पाहिल्यासारखी उभी असतात. डोळखांबच्या एक आजीबाई मांडवात खुर्चीवर झोपून गेल्या होत्या, त्यांनाही साडूंनी जागं केलं. अल्बम आला तेव्हा आजोबा ते पान धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "जल्मात ही माझ्याकडं अशी बगली नाय." तो फोटो त्यांनी मोठा करून भिंतीवर लावून घेतला. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात मलाही तेच डोळे मिळाले आहेत. माझी तक्रार नाही. माझ्या मूळ डोळ्यांनी तरी कोणते दिवे लावले होते?

मोकळी जागाही साडूंना बघवत नाही. पानावर चार बोटं कागद उरला की तिथे राजहंस येतो, नाहीतर गुलाब. नवरानवरीच्या मागचा पत्रा आणि पाण्याची टाकी पुसून ते बर्फाचे डोंगर आणि हिरवंगार कुरण घालतात. उंबरमाळीच्या एका नवरीच्या बापाने ते कुरण नीट न्याहाळलं आणि एवढं गवत कोणाचं, त्यात म्हशी कशा नाहीत, अशी चौकशी केली. साडूंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन म्हशी घातल्या.

मग त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी मुरबाडला दिली. अल्बम अर्थातच साडू करणार होते. सगळी पानं झाली, पाठवणीचं पान काही होईना. लग्नभर साडू फोटोग्राफरच्या मागे उभे राहून त्याला सूचना देत होते, त्यामुळे बापलेकीचा असा तो एकच फोटो होता. त्यात मुलगी गळ्यात पडलेली, आणि साडू डोळे गच्च मिटून, तोंड वेडंवाकडं करून रडतायत. सासरी येणाराजाणारा अल्बम बघणार; तिथे आपण जन्मभर रडका चेहरा घेऊन बसायचं नाही, यावर ते अडून बसले. त्यांनी आपलेच डोळे आपल्याला बसवून पाहिले. खाली ओठ रडतायत आणि वर डोळे टकाटका बघतायत, असा काहीतरी प्रकार झाला. काढले, पुन्हा बसवले. तिकडे सासरहून अल्बमची विचारणा सुरू झाली, आणि शेवटी मुलगी माहेरी आली ती थेट दुकानातच. मी तिथे चहा पीत बसलो होतो. तिने स्क्रीनकडे बघितलं.

"बाबा, ते डोळे साऱ्या तालुक्याचे झाले," ती म्हणाली. "हा फोटो माझा हाय. असाच ऱ्हाऊ दे."

"सासरी हसतील गो."

"हसू दे. मला बगायला पायजे ना."

साडूंनी माउस सोडला आणि चष्मा पुसायला घेतला. डोळे तिनेच काढले.

परवा मुरबाडला तिच्या घरी गेलो होतो. तिच्या सासूबाईंनी कौतुकाने अल्बम दाखवला. राजहंस झाले, म्हशी झाल्या, आणि मग ते पान आलं. त्यावर एकही गुलाब नव्हता. कडेला नुसता पांढरा कागद सोडलेला, आणि मधे माझे साडू डोळे मिटून लेकीला धरून उभे. मला त्यांची फार माया वाटली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते पान उलटायला जरा वेळ लावला, आणि मीही घाई केली नाही.