कमानीखालचा चुडा

समस्त बडोदेकरांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, आपल्या शहरातली एक पुरातन कमान एका म्हातारीमुळे दिसत नव्हती. कमान अंबारीसकट हत्ती जाईल एवढी. म्हातारी आमची कासारीण, पाटभर जागेत बसणारी. तरी दिसत नव्हती, असं शहराचा वारसा जपणाऱ्या एका समितीचं म्हणणं होतं, आणि समितीत सगळे शिकलेले.

पणजोबा संस्थानच्या फौजेत होते तेव्हापासून आमच्याकडच्या नवऱ्या चुडा भरायला मंगळ बाजारातल्या याच कमानीखाली यायच्या. आधी हिच्या सासूपुढे, मग हिच्यापुढे. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी शहरात नुकताच गारेगार मॉल झाला होता. तिथून सासरच्यांनी हिरव्या बांगड्यांचं खोकं पाठवलं. आई म्हणाली, खोकं कपाटात ठेवा आणि पोरीला बाजारात न्या.

गेलो, तर कासारीण टोपली बांधत होती. वारसा बघायला पाहुणे येणार, जागा आजच मोकळी कर, पुन्हा बसू नकोस, असा तिला निरोप आला होता. पण नवरी पाहिली आणि तिने टोपली सोडली.

आमच्यात एक नियम आहे. हात कासारणीच्या हाती दिला की चुडा पुरा होईतो उठायचं नाही. शेवटची बांगडी ती पदरची भरते, तिला नमस्कार करायचा, मगच उठायचं.

पहिल्या हातालाच समितीचा माणूस आला. "चालो माजी, ऊभा थाव," उठा म्हणे. मागून समितीचे चिटणीस आले, समा भागात राहणारे, आमच्यासारखेच मराठी, खादीचा झब्बा. वारसा म्हणजे काय ते त्यांनी मला मऊ आवाजात समजावलं. माझं डोकं फिरलं. दगड तेवढा वारसा आणि त्याच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या चाललेलं काम म्हणजे अतिक्रमण का, असं मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. ते म्हणाले, बेन, भावनेच्या भरात बोलू नका. मी म्हटलं, "ही भावना नाही, हा राग आहे. नीट ओळखून घ्या."

बहिणीचा चुडा झाला आणि आईने मला पाटावर ढकललं. माझ्यानंतर काकू बसली. मग भाजीच्या पिशव्या घेतलेल्या अनोळखी बायका. पाट रिकामा होईना, कासारीण उठेना. तेवढ्यात पाहुणे आले. त्यांचा वाटाड्या इंग्रजीत सांगू लागला की इथे एके काळी बायकांची फार वर्दळ असे. आम्ही त्याच्या पायाशी बसलो होतो.

दिवाळीनंतर तिला उठवलंच. आता तिथे स्कूटरी लागतात, आणि भिंतीवर सुबक पाटी आहे: पारंपरिक बांगड्यांचा बाजार. मी अजून तिथून जाताना दात खाते.

पण ती सकाळ आमची होती. पाहुणे पुढे निघाले तरी त्यांच्यासोबत आलेल्या चिटणीसांच्या सौभाग्यवती दिसेनात. ते शोधत परत आले. बाई पाटावर होत्या, साबण लावलेला हात कासारणीच्या मुठीत, बांगडी मधोमध रुतलेली. उठ, सगळे खोळंबलेत, असं ते दातओठ खात पुटपुटले. बाईंनी मान वर न करता भर बाजारात सांगितलं,

"अहो, हात अडकलाय माझा. तुमची कमान कुठे पळून चाललीय?"