आप्पांच्या पायाचं पावणं

आमच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, साखरेचा आजार मी कॉलेजात होते तेव्हापासून आहे. हट्टाचा आजार त्याहून जुना. माघातल्या रविवारी आमच्या कोल्हापुरातली माणसं अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातात, त्याला खेटे घालणं म्हणतात. डॉक्टरांनी आप्पांना बजावलं होतं, की साखरेनं तुमच्या तळपायाची जाणीव गेलीय, आता घरातसुद्धा चपलेशिवाय फिरायचं नाही. आप्पांनी शहाण्या माणसासारखी मान डोलावली आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी चप्पल पलंगाखाली ढकलून चालते झाले.

"देवाच्या दारात काय बूट घालून जाऊ व्हय?" हे परत आल्यावरचं उत्तर. कपाळाला गुलाल होता, पिशवीत नारळाचं भकल होतं आणि उजव्या तळव्यात एक टोकदार खडा रुतलेला होता. तो खडा त्यांना कळलाच नव्हता. आईला तो फरशीवर उमटलेल्या डागांवरून कळला.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. पाय सुजला, ताप चढला, करंगळी काळी पडली. राजारामपुरीतल्या दवाखान्यात ऑपरेशन करून सडलेलं मांस काढलं, त्यात करंगळीही गेली. तळव्यात एक खड्डा राहिला. तो बघायची माझी छाती होत नव्हती. ड्रेसिंगच्या वेळी मी खिडकीतून खालच्या रिक्षा बघत उभी राहायची. रक्त बघितलं की मला घेरी येते, हे लहानपणापासून घरात सगळ्यांना माहीत आहे.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "खड्डा आतून भरत आला तर पाय राहील. पू वर चढला तर मात्र गुडघ्याखाली घ्यावा लागेल."

घ्यावा लागेल म्हणे. जणू पिशवीत घालून न्यायचा होता. मला त्या शब्दाचा इतका राग आला, की पुढचं नीट ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं, की ते व्हॅक्यूमच्या पट्टीबद्दल सांगत होते.

सिस्टरनं खड्ड्याच्या मापाचा काळा स्पंज कापून आत बसवला. त्यावर पारदर्शक चिकट कागद चारी बाजूंनी घट्ट लावला, कागदाला भोक पाडून नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक डब्याच्या मशीनला लावलं. बटण दाबलं तशी आतली हवा खेचली गेली आणि फुगीर स्पंज मनुकेसारखा आक्रसून घट्ट झाला. जखमेतलं घाण पाणी हे मशीन दिवसरात्र ओढून डब्यात जमा करणार, कडांना रक्त खेचून आणणार आणि हळूहळू मांस भरणार, असा हिशेब. मी क्लासमध्ये दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवते, हवेचा दाब दरवर्षी फळ्यावर काढते. तो आपल्या बापाच्या तळपायाला लावतील असं कधी वाटलं नव्हतं.

आप्पांना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांची हयात नदीकाठच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करण्यात गेली. ऊस वाळायला लागला की शेतकरी आमच्या मंगळवार पेठेतल्या दारात येऊन आप्पांना उचलून न्यायचे. मशीन सुरू झाल्याबरोबर त्यांनी कान टवकारले आणि म्हणाले, "सक्शन हाय की हे! पाणी उपसायचं काम."

डॉक्टर हसले. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, यांना आपल्या ओळखीचं काहीतरी मिळालं.

काही दिवसांनी आम्हाला घरी सोडलं. मशीन भाड्याचं होतं, खांद्याला अडकवता येईल असं. सिस्टरनं मला आणि आईला समोर बसवून सांगितलं होतं: कागद कुठं सुटला आणि हवा शिरली तर मशीन ओरडेल, मग वर नवा तुकडा चिकटवायचा. जमलं नाही तर लगेच यायचं. पण बंद करायचं नाही. दोन तासांच्या वर ओढ बंद राहिली तर आतला स्पंज म्हणजे घाण पाण्यात भिजलेला बोळा, तो जखमेत कोंबून ठेवल्यासारखं होतं. हे ती तीनदा म्हणाली. आई तीनदा "व्हय, व्हय" म्हणाली. आप्पा तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या माणसाला नदीकाठच्या कुठल्याशा जॅकवेलची, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीची, गोष्ट सांगत होते.

घरी आल्यावर आप्पांनी मशीनचं नाव पावणं ठेवलं. कोल्हापुरात अनोळखी माणसालासुद्धा पावणं म्हणतात, पण आप्पांनी ते मनावर घेतलं. मशीनसाठी उशाशी स्टूल आलं, स्टुलावर धुतलेला नॅपकिन आला. "पावण्यास्नी धूळ लागाय नगं." घरघर वाढली की "पावणं तापल्यात", कमी झाली की "पावण्यांचा डोळा लागलाय". आई हसायची. मी वैतागायची, कारण त्या घरघरीवर माझा जीव टांगलेला असायचा. स्वयंपाक करताना, अंघोळीला गेले तरी माझा एक कान तिकडंच. फ्रिजची मोटार थांबली तरी धस्स व्हायचं. क्लासमधून दुपारी फोन करायची आणि आईला सांगायची, बोलू नकोस, फोन मशीनजवळ धर. मग घरघर ऐकून मी वर्गात परत जायची. पोरांना वाटत असणार, बाई कुणाशी तरी बोलतात आणि एक शब्दही बोलत नाहीत.

त्यात बघायला येणारे. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जाणं हे पुण्याचं काम समजतात, आणि पुण्य करणारे तोंड बंद ठेवत नाहीत. एक बाई म्हणाल्या, जखम अशी कोंडून ठेवतात का, वारा लागल्याशिवाय वाळणार कशी? एक गृहस्थ बिस्किटाचा पुडा ठेवून, खुर्चीत नीट टेकून बसून सांगायला लागले, की त्यांच्या साडूचंही असंच बोटापासून सुरू झालं, मग घोटा, मग गुडघा. मी चहाचा कप त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि म्हटलं, "काका, तुमची बस चुकंल." त्यांना बस नव्हतीच, गाडी दारात उभी होती. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग ती संध्याकाळ आली. त्या दिवशी क्लासमध्ये पालक आले होते, दुपारी फोन करायचा राहिला. मधल्या सुट्टीत केला तो आप्पांनी उचलला. "समदं ब्येस हाय, तू शिकीव," म्हणाले आणि ठेवून दिला. मशीनजवळ धरा असं म्हणायलाही सवड दिली नाही. पुढचे दोन तास मी काय शिकवलं ते मला माहीत नाही.

घरात शिरले तर टीव्ही चालू होता. आप्पा पाय उशीवर ठेवून मालिका बघत होते. पण घरघर नव्हती. टेबल फॅन पलंगाकडं नव्हता, स्टुलाकडं वळवला होता, आणि त्या वाऱ्यात मशीन नॅपकिनवर गप बसलं होतं. पायावरचा स्पंज फुगून वर आला होता.

"आप्पा, हे बंद कुणी केलं?"

"मी केलं. हवा घ्याय लागलतं. नुसतं वरडाय लागलं. मोटार कोरडी फिरली की जळती, ठावं हाय न्हवं? म्हटलं जरा गार हू दे."

त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता. पन्नास वर्षं ज्यानं पंप सांभाळले त्यानं तेच केलं होतं, जे प्रत्येक विहिरीवर केलं असतं. पंपानं हवा घेतली की आधी मोटार बंद. पुढचं सगळं नंतर.

"कधी बंद केलं?"

"तुझी आई भाजीला गेली तवा."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती भाजीला दुपारी गेली होती. वाटेत ओळखीची बाई भेटली, तिच्याकडं बसली. परत आली तेव्हा टीव्हीच्या आवाजात घरघर आहे की नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. मी मनातल्या मनात तास मोजायला लागले आणि दोनाच्या पुढं गेल्यावर मोजायचं सोडून दिलं.

मी ओरडले. गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं ओरडले. "पाय जाईल तुमचा! कळतंय का? मोटारीची काळजी, आणि पायाची न्हाय?"

आप्पांनी टीव्ही बंद केला आणि बारीक आवाजात म्हणाले, "मशीन लोकाचं हाय गं. पाय काय, माझाच हाय."

मी दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, आता सुरू करू नका, तसंच घेऊन या. रिक्षा बोलावली. आप्पा आडवे पाय टाकून बसले, मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. रस्त्यात खड्डा आला की मी रिक्षावाल्यावर खेकसत होते. आईला घरीच ठेवलं, तिचे दुखरे गुडघे आणि तिची रडारड, दोन्ही मला त्या वेळी झेपणारं नव्हतं. "काय झालं ते लगीच सांग," एवढंच ती दारातून म्हणाली.

ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरनं चिकट कागद सोलला. स्पंज काढताच वास आला. डॉक्टर वाकले आणि दिवा जवळ ओढून बघायला लागले. मी खिडकीशी होते, पण खाली बघणं त्या दिवशी जमेना. शेवटी वळून पलंगाजवळ आले.

"मधला भाग चांगला भरलाय," डॉक्टर म्हणाले. "पण ही बाजू बघा." बोटाच्या टोकानं त्यांनी दाखवलेली कड करडी पडली होती, भिजत पडलेल्या चामड्यासारखी. "हे कधी मेलंय, किती खोल मेलंय, ते कापल्याशिवाय कळणार नाही. तुम्ही बाहेर थांबता का?"

"नाही."

"मग पडू नका, एवढंच. मी कापत जातो. जिवंत असेल तिथं रक्त येईल."

आणि नाही आलं तर, हे त्यांनी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांनी पहिली चकती कापली. करडीच. खाली पांढरं. दुसरी कापली, तरी पांढरंच. आप्पांना काही कळत नव्हतं, त्या पायाला कळायचं कधीच बंद झालं होतं. ते छताकडं बघत पडले होते. मध्येच म्हणाले, "डॉक्टर, मशीन तपासलं का? जळलं न्हाय न्हवं?"

"नाही काका, चांगलं आहे."

"ब्येस झालं."

तिसऱ्यांदा पातं आत गेलं. मी पलंगाची लोखंडी कड धरली होती. माझ्या आयुष्यात मी कधी रक्तासाठी देवाला विनवलं नव्हतं, त्या दिवशी विनवलं. ये बाबा, ये, एक थेंब तरी ये. काही आलं नाही. डॉक्टरांनी कापूस दाबला, उचलला, पुन्हा थोडं खरवडलं. आणि कडेला एक लाल ठिपका आला. बारीक, टाचणीच्या टोकाएवढा. बघता बघता तो फुगला आणि वाहायला लागला. त्याच्या शेजारी दुसरा आला.

"हं," डॉक्टर म्हणाले. मग सरळ उभे राहिले, मान दोन्हीकडं मोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "वरवरचंच होतं. खाली सगळं जिवंत आहे. पाय राहतोय. पुन्हा पट्टी लावू. आणि काका, पुन्हा बटणाला हात लावलात तर मी तुमचे हात बांधून ठेवीन."

मला घेरी आली नाही. मी त्या रक्ताकडं टक लावून बघत राहिले, सिस्टर कापूस बदलत होती तरी बघत राहिले. मग आईची आठवण झाली आणि फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये आले. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला.

"काय झालं?"

काय झालं ते सगळं मला सांगायचं होतं. कड, कापणं, पांढरं, मशीन, डॉक्टर. पण तोंडातून निघालं ते एवढंच. "आई, रक्त आलं गं. लई रक्त आलं."

तिकडून जो हंबरडा फुटला तो मी आयुष्यात विसरणार नाही. तिनं जोतिबाला हाक मारली, अंबाबाईला मारली, शेजारणीला मारली. मला वाटलं, आता फोन हातातून पडणार आणि ती रडत रस्त्यावर येणार.

"अगं ए, चांगलं आलं!" मी सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल अशी ओरडले. "चांगलं हाय ते! पाय ऱ्हायला, आई! आप्पांचा पाय ऱ्हायला!"

बाकड्यावर बसलेली माणसं माझ्याकडं बघायला लागली. आई रडायची थांबत नव्हती. आता ती कशासाठी रडत होती ते कळत नव्हतं. तिला सांगता सांगता माझाही आवाज बसला, आणि आम्ही दोघी फोन कानाला धरून तशाच रडत राहिलो.