दोन टोकांच्या वन्सं

आमच्या वन्संना सरळ प्रश्न विचारायची सोय नाही. "जेवायला कधी येणार?" म्हटलं की उत्तर येतं, "आठच्या आधी नाही, साडेनऊच्या पुढे नाही. नऊच्या आसपास धरा, वहिनी." मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई जरा तऱ्हेवाईक आहे. नंतर कळलं, हा त्यांचा स्वभाव नाही, धंदा आहे. आता दोन्हींत काही फरक उरलेला नाही, ते सोडा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि डोंगरावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयात आकडेमोड करतात. आमच्या डोक्यावरचा हा डोंगर ज्वालामुखी आहे. गरीब गाईसारखा बसलेला असतो, म्हणून आम्ही विसरतो. तो फुटल्याची पक्की माहिती फक्त चार वेळची. आता चारदा भेटलेल्या माणसाच्या घरी कोणी मुलगी देत नाही, आणि वन्संना मात्र एवढ्यावर सांगायचं असतं की पुढे तो कसा वागेल. मग त्या जमिनीतले राखेचे थर बघतात, दूरदेशीच्या तसल्याच डोंगरांची कुंडली मांडतात, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून जाणकारांना विचारतात.

पण विचारण्याआधी जाणकारांचीच परीक्षा! ज्यांची उत्तरं कार्यालयाला आधीच ठाऊक आहेत असे प्रश्न घालायचे. उत्तर म्हणून एक आकडा चालत नाही, दोन टोकं द्यायची: खरं उत्तर दहात नऊ वेळा या दोहोंत सापडेल अशी. ज्याची टोकं खऱ्याला धरून असतात, त्याच्या मताला वजन जास्त. छातीठोकपणे बोलणाऱ्याला वजन शून्य.

आमचे हे सुतार, आणि छातीठोकपणात घरात पहिले. ओढ्याकाठचा तो जमिनीचा तुकडा विकायला निघाला तेव्हा यांची झोपच उडाली. लहानपणी तिथे चिंचा पाडलेल्या. भाड्याचं घर सोडून तिथे आपल्या हातांनी घर उभारायचं, हे यांचं किती वर्षांचं स्वप्न. मालकाला शनिवारपर्यंत होकार हवा होता. अडचण एकच. डोंगर फुटला तर उकळता चिखल खाली यायची वाट म्हणजे तोच ओढा.

"सांग गं," हे बहिणीला म्हणाले, "येणार का तो चिखल?"

"तीस वर्षं राहिलास तर विसात एक, असंही असेल. चारात एक, असंही असेल."

"अगं, भाजी विकतेस का? एक भाव सांग!"

"एक सांगितला तर तो खोटा असेल, दादा."

हे जे चिडले! "मग एवढं शिकून उपयोग काय? मी लाकडाकडे बघून माप सांगतो!"

वन्सं शांतपणे उठल्या आणि आम्हा सगळ्यांची परीक्षा मांडली. हे, मी आणि आमची लेक, तिघं उमेदवार. जेवणाच्या टेबलाची लांबी किती? यांनी दोन टोकं दिली, मध्ये बोटभर अंतर, आणि खरं माप बरोबर त्यात! झालं, स्वारी घोड्यावर बसली. मग भोपळ्याचं वजन, डब्यातली बटणं, पडद्याचं कापड, गल्लीतली झाडं. यांची टोकं प्रत्येक वेळी बोटभर अंतराची आणि उत्तर प्रत्येक वेळी बाहेर. मी शहाणी, बटणांना "एक ते हजार" म्हटलं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ही पळवाट झाली. यालाही वजन नाही." लेक हसून हसून खाली बसली.

"टेबलं तू शेकड्यांनी केलीस, म्हणून बरोबर आलं," वन्सं यांना म्हणाल्या. "भोपळे किती तोललेस? आणि मी डोंगर किती वेळा फुटलेला पाहिलाय? चारदा, तोही कागदावर."

यांनी भोपळा बाजूला सारला. आवाज उतरला होता. "ते राहू दे. तू राहशील का तिथे?"

आता वन्संचा एक नियम आहे. त्या शक्यता सांगतात, काय करायचं ते कधीच सांगत नाहीत. मंत्री आला तरी नाही. मला वाटलं, इथेही दोन टोकं येणार.

"नाही राहणार," वन्सं म्हणाल्या. "आणि तू राहिलास तर मला वर झोप लागणार नाही."

शनिवारी यांनी नकार कळवला. चार दिवस रोज संध्याकाळी ओढ्याकाठी फेरी मारून यायचे. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात तिथला ओटा बांधून झाला होता.

तो तुकडा पुढे एका शिंप्यानं घेतला. डोंगर अजून गप्प आहे. दारं-खिडक्यांचं काम नेमकं यांच्याकडेच आलं. दैवाची थट्टा, दुसरं काय! बसवायच्या दिवशी डबा घेऊन मीही गेले. बघते तर मागच्या भिंतीत, पाठीमागच्या छोट्या टेकडीच्या बाजूला, एक जास्तीचं दार. बाहेर उघडणारं, आतून नुसतं ढकललं की पुरे.

"हे आम्ही सांगितलं नव्हतं," शिंपी म्हणाला.

"हे माझ्याकडून. ओढ्यातून आवाज आला की सामान बघत बसू नका. इथून थेट टेकडीवर."

शिंप्याचा चेहरा उतरला. "तुमची बहीण त्या ऑफिसात आहे ना? नक्की सांगा, इथे काही होणार आहे का?"

यांनी हातातला पटाशी-हातोडा खाली ठेवला. "नक्की मला माहीत नाही," हे म्हणाले. "म्हणून तर दार."

घरी येऊन मी वन्संना सांगितलं. त्या जिन्याची पायरी चढता चढता थांबल्या. "दादा म्हणाला? माहीत नाही, असं?" आणि तिथेच पायरीवर बसून पदरानं डोळे पुसू लागल्या.