यज्ञेश्वरांचा जिताडा

यज्ञेश्वर प्रधान कोथरूडला आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहतात. सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे तपासणे हे त्यांचे काम. हडपसरकडे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठू लागल्या आणि त्यांच्या टेबलावरचा ढीग वाढला. त्याच सुमारास त्यांना मासेमारीचे वेड लागले. मुलगा योगेश नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि त्याने वडिलांना गळाची परदेशी काठी पाठवली, रिळासकट. तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी यज्ञेश्वर पहाटे मारुती काढून पेणच्या खाडीवर जात आणि संध्याकाळी ओल्या गोणपाटात जिताडा घेऊन येत.

जिताडा हा खाडीतला मानाचा मासा. भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरतो, आणि गळाला लागला तर हात भरून येईपर्यंत झुंजतो. यज्ञेश्वरांची बायको राधा माहेरची शाकाहारी, ती माशाला हात लावत नाही. म्हणून साफ करायला तो माझ्याकडे येई. मोबदला म्हणून डोके माझे, बाकी त्यांचे.

माझे वडील रेवदंड्याला कस्टममध्ये होते. त्या भागात साहेबाकडून काम करून घ्यायचे असले की लोक पाकीट देत नसत, जिताडा पाठवत. दारात जिताडा दिसला की आई आधी विचारी, "काम काय आहे?" मासा बहुतेक वेळा आल्या पावली परत जाई.

एका रविवारी यज्ञेश्वर नेहमीपेक्षा मोठा जिताडा घेऊन आले.

"उधाणाच्या भरतीला लागला, मावशी. असा खेळवला की काय सांगू!"

मी दिनदर्शिकेकडे पाहिले. अष्टमी होती. उधाण अमावास्या-पौर्णिमेला येते, अष्टमीच्या पाण्याला कसला जोर? मासा विळीवर घेतला आणि पहिल्यांदाच नीट निरखला. जबड्यात गळाची जखम नव्हती. पोटात चिलापी, म्हणजे तळ्यात पाळतात ते मासे, निघाले आणि मांसाला चिखलाचा वास होता.

"बराच दमला असेल बिचारा," मी म्हणाले.

"कोण, मासा?"

"नाही, तुम्ही."

ते हसले. मला हसू आले नाही. त्या दिवशी डोकेही मी त्यांनाच देऊन टाकले.

त्याच आठवड्यात चौकशी अधिकारी माझ्या दारात उभा राहिला. निनावी तक्रार होती: प्रधानसाहेबांच्या घरी बिल्डरकडून मासे पोचतात. शेजारी म्हणून माझा जबाब हवा होता. आरोप टिकला तर यज्ञेश्वरांची नोकरी जाणार होती, पेन्शनही.

"सोमवारी या," मी सांगितले. "खोटे सांगणार नाही, आणि अर्धवटही सांगणार नाही."

रविवारी सकाळी यज्ञेश्वरांना बोलावले आणि सरळ विचारले, "मासा कोण देतो?"

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कोणी देत नाही हो. विकत घेतो. पेणजवळ तळं आहे एका बाईचं."

"आणि खाडी?"

"खाडीवर जातो ना. काठी टाकून बसतो. लागत नाही काही. योगेशनं एवढी महागाची काठी पाठवलीय, फोनवर विचारतो. पहिल्यांदा थाप मारली, मग दर वेळी मारावी लागली."

"चला, तळं दाखवा. आत्ता."

माझा विश्वास बसलेला नव्हता. शिकवून ठेवलेला साक्षीदार उभा करणे काही अवघड नसते. वाटेत खोपोलीला चहासाठी थांबलो, तिथे ते फोनच्या बूथकडे वळले.

"कुणाला फोन?"

"राधाला. जेवायला उशीर होईल म्हणून."

"मग मी लावते," मी म्हणाले, आणि मीच लावला.

तळ्याची मालकीण कांताबाई बांधावर जाळे सुकवत होती. गाडी पाहताच तिने कपाळावर हात मारला.

"आला पुण्याचा कटकट्या! आज वजनकाट्याला हात लावलात तर बघा. आजी, तुमी यांच्या कोण? समजवा जरा. मासा ओला हाय म्हणून पाण्याचं वजन कापून मागतात! असं गिऱ्हाईक मला जन्मात नाय भेटलं."

यज्ञेश्वरांची मान खाली. मी मात्र त्या दिवसांत प्रथमच मोकळा श्वास घेतला. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याला कोणी कटकट्या म्हणत नाही.

सोमवारी अधिकारी प्रधानांच्याच दिवाणखान्यात बसला. जे पाहिले, ऐकले ते मी सगळे सांगितले. त्याने हसू दाबत लिहून घेतले, तळ्यावर माणूस पाठवतो म्हणाला, आणि यज्ञेश्वरांचा जबाब वाचून दाखवला: "मी गळाने मासा पकडत नाही. घरी आणलेले सर्व जिताडे मी विकत घेतलेले आहेत." राधा चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थबकली.

"सही करा," अधिकारी म्हणाला.

यज्ञेश्वरांनी पेन उघडले, टेकवले, उचलले.

"साहेब, 'सहसा पकडत नाही' असं लिहिता येईल का?"

"का? कधी पकडलाय?"

राधाने ट्रे टेबलावर ठेवला.

"अहो, करा ना सही," ती म्हणाली. "पेन्शन काय 'सहसा' मिळणार आहे?"

यज्ञेश्वरांनी सही केली.