सुभाषच्या स्टिरिओचं हमिंग

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर वाचता वाचताच मनात कारणं शोधून मोकळा व्हायचो. पाइपात अडकलेली हवा, माळ्यावरचे उंदीर, अर्धवट झोपेतला भास... राहात्याला शाळेत विज्ञान शिकवतो मी. वय त्रेपन्न. माझ्या घरात पोरांची दृष्टसुद्धा कधी काढू दिली नाही. तेव्हा हे लिहिणारा माणूस कसा आहे, ते आधी लक्षात घ्या.

माझा धाकटा भाऊ सुभाष कोल्हारला राहायचा. शेती तोच बघायचा. त्याला एकच नाद — गाणी. नगरहून एका मेकॅनिककडून अँप्लिफायर असेंबल करून आणला होता, लोखंडी पेटीचा, सोबत कमरेएवढे दोन स्पीकर. पण डिश टीव्हीची वायर जोडली की त्यातून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. हमिंग. गाणं संपलं की नुसतं तेच.

घरातला शिकलेला मी. एका रविवारी गेलो आणि थ्री-पिन उघडून हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, काढून टाकली. हमिंग जागच्या जागी बंद. सुभाषने पाठीवर थाप मारली. म्हणाला, मेकॅनिकला दोन महिने जमलं नाही ते आमच्या मास्तरनं दोन मिनिटांत केलं. हे धोक्याचं असतं हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. अर्थिंग नसेल आणि पेटीत करंट उतरला तर तो हात लावणाऱ्यातून जातो, वर्गात शिकवतो मी ते. पुढच्या वेळी आलो की नीट करू, असं म्हणून सोडून दिलं.

त्या घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा भरलेला. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग लागत नाही, म्हणून सुभाषची बायको मंदा रोज सकाळी धुणं झालं की त्यात बादलीभर पाणी ओतायची. मी वायर काढल्यावरही ओतत होती. तिला काय माहीत.

चार महिन्यांनी, भर दुपारी, सुभाष उसाला पाणी देऊन ओल्या पायांनी घरात आला आणि आवाज वाढवायला अँप्लिफायरकडे गेला. मंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तो फरशीवर पडलेला होता. तोवर लाईट गेलेली होती, त्यामुळे त्याला उचलणाऱ्या कुणाला काही झटका बसला नाही. कुणाच्या मनात शंकाही आली नाही. त्याला बीपी होतंच. सगळे म्हणाले, अटॅक.

आंघोळ घालताना मी त्याच्या उजव्या हाताचं बोट पाहिलं. टोकाला काळा डाग होता. मी तो हात कापडाखाली सरकवला.

त्या संध्याकाळी लाईट आल्यावर अँप्लिफायरच्या पेटीला टेस्टर लावला तर टेस्टरचा दिवा लागला, म्हणजे पेटीत करंट उतरत होता. हिरवी वायर गुपचूप जोडली. तेराव्यानंतर सर्व्हिसिंगच्या नावाखाली आतला ट्रान्सफॉर्मर बदलून आणला. कुणाला काही बोललो नाही.

पण त्या दिवशी सकाळी सुभाषला बीपीची गोळी द्यायची मंदा विसरली होती. तिनेच रडता रडता सांगितलं. आईने ते धरून ठेवलं — गोळी दिली असती तर माझं लेकरू वाचलं असतं. पाहुण्यांसमोर, पोरीसमोर, जेवताना. मी तिथेच बसलेला असायचो. आई ते मनात घेऊनच दोन वर्षांपूर्वी गेली.

आता मूळ गोष्ट. डिश सुभाषनंतर काढूनच टाकली होती, म्हणजे हमिंगला कारण उरलं नव्हतं. मंदा रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह लावायची, आवाज स्वच्छ यायचा. पण मी घरात पाऊल टाकलं की... घूंऽऽ.

सगळं करून पाहिलं. दुसरं सॉकेट. इन्व्हर्टर बंद. ट्यूबलाइट बंद. मोबाइल बाहेर ठेवला. डावा-उजवा स्पीकर बदलून पाहिला. शेवटी राहात्याच्या मेकॅनिककडे टाकला, दोन दिवस त्याच्या टेबलावर मस्त वाजला. मी न्यायला गेलो आणि दारातच सुरू. तो म्हणाला, “सर, खिशात लोहचुंबक घेऊन फिरता का काय?”

मंदा तर हसायचीसुद्धा. “दादा, लई आठवण काढतंय बघा तुमची.”

मी जाणं कमी केलं.

गेल्या वर्षी पूजाचा, सुभाषच्या मुलीचा, फोन आला. मंदाची शुगर फार वाढली होती, किडनीवर यायला लागलं होतं, आणि ती औषध घेत नव्हती. आणलेल्या गोळ्या फेकून द्यायची. मी गेलो. समजावलं, रागावलो, हात जोडले.

“त्यांची गोळी माझ्या हातनं राहिली, दादा,” ती म्हणाली. “आता माझी गोळी कोणत्या तोंडानं खाऊ?”

आणि हमिंग सुरू झालं. स्टिरिओ बंद होता.

दुपारचे दोन वाजले असतील. मी उठून प्लग ओढला. थांबलं नाही. स्पीकरच्या मागच्या वायरी उपटल्या. नुसतं लाकडी खोकं, कशालाच न जोडलेलं, आणि त्यातून तोच आवाज. स्पीकरच्या पडद्यावर तळवा ठेवला तर तो थरथरत होता. पूजा कान झाकून म्हणाली, “आप्पा, बंद करा ना ते.” म्हणजे भास नव्हता, तिघांनाही येत होतं.

मला बंद करता येत नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. थ्री-पिन, हिरवी वायर, टेस्टर, बोटावरचा डाग. बोलता बोलता आवाज केव्हा थांबला, मला कळलं नाही.

मंदा म्हणाली, “म्हंजी मी रोज बादली ओतीत हुते, तवा ती वायर जोडलेलीच नव्हती?”

“नव्हती.”

“आन् इतकी वर्सं तुमी माझ्या हातचा चहा पीत हुता.”

एवढंच. ती उठून आत गेली.

आठ दिवसांनी एका टेम्पोवाल्याने अँप्लिफायर आणि दोन्ही स्पीकर माझ्या दारात उतरवले. मागोमाग पूजाचा मेसेज — आई गोळ्या घेते आहे. तुम्ही येऊ नका.

आता ते माझ्या घरी आहे. सगळं नीट जोडलंय, अर्थिंगसकट. मी नुसता जवळ आलो तरी जे घुमायचं, त्याच्यासमोर मी आता रोज शाळेतून आल्यावर बसतो. गाणं लावत नाही. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवतो आणि स्पीकरला कान लावतो. कधी कधी डिशची वायरही मुद्दाम लावून पाहतो, अर्थिंग काढून पाहतो, परत जोडतो. काही म्हणजे काही येत नाही.

ते कशाने व्हायचं, मला सांगता येत नाही. का थांबलं, तेही नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, तर ते परत कसं आणायचं एवढं कळवा.