दाबायचा नसतो

आई पावण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायची, बाबांना काम असलं तर असायचं. त्या घरातली मी पहिली इंजिनिअर. साच्यांची ड्रॉइंग घरून करता यावीत म्हणून जुने भाग जमवून दणकट कॉम्प्युटर जोडायला बसले. प्रोसेसर बसेना, म्हणून अंगठ्याने दाबला. खालच्या केसासारख्या पिना वाकल्या. एक नवं काम मिळवण्यासाठी चाचणी ड्रॉइंग त्याच दिवशी चारपर्यंत पाठवायचं होतं.

प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड घेऊन सानपाड्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे धावले. हा माणूस कधी स्वस्थ नसतो. गुडघा हलतो, स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरतो, एक वाक्य अर्धं टाकून दुसरं सुरू.

"ताई, ही काय भाकर हाय थापायला? कोनी सांगितलं दाबायला? नुसता ठेवायचा, तो आपला आपन बसतो."

"होईल ना पण?"

"गप ऱ्हा जरा."

त्याने पेन-पेन्सिलीतलं शिसं काढलं आणि तिच्या पोकळ टोकात एकेक पिन धरून सरळ करू लागला. गुडघा थांबला. त्याला इतकं स्थिर बघून मलाच धडकी भरली.

शेवटची पिन झाल्यावर त्याने प्रोसेसर माझ्याच तळहातावर दिला. "आता तुमी ठेवा."

नुसता ठेवला. बसला.

घरी कॉम्प्युटर सुरू झाला, साडेतीनला ड्रॉइंग गेलं, आणि ते काम मला मिळालं.